शाळेच्या स्वयंपाकघरातली झेल्मीरा

होर्न, ६ फेब्रुवारी २०२३

प्रिय ओत्का,

चार दिवस झाले, तुला फोन लावतेय. आधी नुसता वाजायचा, काल तर बंदच होता. आईला बरं आहे ना? तसं काही असतं तर तूच कळवलं असतंस, म्हणून मी उगाच जिवाला घोर लावून घेत नाही. पण फोन जवळ ठेवत जा गं बाई. तुझ्या कोंबड्यासुद्धा तुझ्यापेक्षा लवकर ओ देतात.

पत्र लिहायला कारण मात्र गमतीचं घडलंय. माझ्या कमरेचं तुला ठाऊकच आहे. दोन्ही खुबे झिजलेत, आता म्हाताऱ्या माणसांना उचलणं बंद, असं इथल्या डॉक्टरने शरद ऋतूतच बजावलं होतं. म्हणून मी अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला. ऑस्ट्रियात आल्यापासून विम्याचा एक हप्ता मी चुकवला नाही, तेव्हा भीती कसली? अशा वेळी इथली कचेरी आपल्याकडच्या कचेरीला विचारते की ही बाई तुमच्याकडे किती वर्षं होती, आमच्याकडे किती, आणि मग दोघी आपापला वाटा ठरवतात. तर आपल्याकडून उत्तर आलं. २०१६च्या सप्टेंबरपासून २०१९च्या जूनपर्यंत मी म्हणे आपल्या गावच्या, कामेन्ना लूकाच्या शाळेत स्वयंपाकघरात नोकरीला होते. मी! जिला आई अजून अंडं उकडायला देत नाही!

वाचून इतकी हसले की मी इथे सांभाळते ती हाइडिंगर आजी दुपारच्या झोपेतून जागी झाली. "काय झालं गं?" म्हणाली. मी म्हटलं, "आजी, मला नोकरी लागली. आजच कळलं."

पण हसण्यावारी नेऊन भागणार नाही. क्रेम्सला एक बाई आहे, आमच्यासारख्या बायकांचे कागद बघून देते. तिने मला समोर बसवून समजावलं. एका माणसाला एका वेळी एकाच देशाचा विमा. आम्ही इथे कागदोपत्री कोणाच्या नोकर नाही. प्रत्येकीचा स्वतःचा धंदा आहे, मग तो धंदा म्हातारीचं लंगोट बदलायचा का असेना. आणि ज्याचा एका देशात धंदा आणि दुसऱ्या देशात नोकरी, त्याचा विमा नोकरीच्या देशात. म्हणजे मी जर शाळेत नोकरीला होते, तर त्या तीन वर्षांत इथला माझा विमा मुळात नव्हताच. ती वर्षं निवृत्तिवेतनातून उडणार. वर माझी दोरोता नर्सिंग शिकत होती तेव्हा तिच्या नावाने इथून जो मुलांचा भत्ता मिळाला, तो सगळा परत मागणार. आता तो कुठून आणू? खाल्ला, वापरला, संपला.

तर एवढं कर. शाळेत जाऊन स्वयंपाकघराच्या प्रमुख गुबालोवाबाईला भेट. तिने नेहमीप्रमाणे घोळ घातला असेल, कुणाच्या तरी ओळखपत्रावरच्या जन्मक्रमांकाच्या जागी माझा लिहिला असेल. चूक झाली असं एका ओळीत लिहून घे, शिक्का मारून घे आणि मला पाठव. तुझं तिच्याशी चांगलं जमतं, तुला ती नाही म्हणायची नाही.

या महिन्याच्या मध्यानंतर माझी तीन आठवड्यांची पाळी संपतेय, मग मी घरी येतेच आहे. आईसाठी लोकरीचे मोजे घेतलेत. तिला सांगू नकोस, नाहीतर पैसे का उधळलेस म्हणून आत्तापासूनच सुरू होईल.

तुझी झेल्का


रिमाव्स्का सोबोता, २१ फेब्रुवारी

ओत्का,

मी मुद्दाम न कळवता आले. पत्राचं उत्तर नाही, फोन नाही, म्हणून काल सरळ बस पकडून गावी आले. आईसाठी संत्री घ्यावीत म्हणून आधी विल्माच्या दुकानात शिरले. पावाच्या फळीमागून ती मोठ्याने ओरडली, "अगं बाई, खरी झेल्मीरा आली!"

दुकानात दोघीतिघी होत्या. सगळ्या हसल्या. मीही हसले. चारचौघी हसल्या की मी कारण न विचारता हसते, तुला माहीत आहे.

"खरी म्हणजे? खोटी कुठे असते?" मी विचारलं.

"खोटीने आमच्या पोरांना तीन वर्षं खसखशीच्या शेवया घातल्या की! माझा धाकटा अजून म्हणतो, झेल्मीरामावशीसारख्या शेवया तुला जमत नाहीत." आणि मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे? तुला ठाऊक नव्हतं?"

मी हातातली संत्री काट्यावर ठेवली.

"अगं, आम्हाला वाटलं तुमचं दोघींचं ठरलेलं. ओत्काच सांगायची, झेल्का म्हणाली घे माझं नाव, मला कशाला लागतंय."

संत्री तिथेच काट्यावर राहिली. मी दुकानातून बाहेर पडले आणि रस्ताभर मला कोण कोण भेटलं ते सांगू का? पोस्टातली, तिचा नवरा, पाद्रीबाबा. सगळे हसून नमस्कार करत होते. सगळ्या गावाला माहीत होतं, ओत्का. मी ज्यांच्या लग्नात नाचले, ज्यांच्या घरच्या मयताला रडले, त्या सगळ्यांना माहीत होतं आणि मी एकटी ठार अडाणी. गेली इतकी वर्षं ते माझ्याकडे बघून हसायचे, तो मला जिव्हाळा वाटायचा.

मी पुढच्या फाटकातून आत शिरले तेव्हा मागचं दार आपटलं. शेगडीवर आंबट कोबीचं सूप उकळत होतं आणि डाव त्यातच होता. पन्नाशीची बाई तू, कोंबड्यांच्या खुराड्यामागून कुंपण ओलांडून पळालीस. मी ती शेगडी बंद केली, नाहीतर तुझं सूप करपलं असतं.

आई खिडकीपाशी होती. तिच्याशी काय बोलणं झालं ते तिने तुला तिच्या पद्धतीने सांगितलंच असेल. मी माझ्या पद्धतीने सांगते.

"आई, ओत्काने माझ्या नावावर नोकरी केली?"

"केली मग. तुझं नाव काय झिजलं त्याने?"

"का पण?"

"ती माझं सगळं करते म्हणून सरकार तिला भत्ता देतं. तिच्या नावावर पगार दिसला असता तर तो बंद झाला असता. गुबालोवाला बाई हवी होती, ओत्काला चार पैसे हवे होते. आणि तुझं नाव इथे मोकळंच पडलं होतं."

मोकळं पडलं होतं! परसातल्या फुटक्या बादलीसारखं.

"पगार कुणाकडे जायचा?"

"माझ्या खात्यात. छप्पर काय आभाळातून पडलं?"

"छपरासाठी मी पैसे पाठवले होते, आई."

"तेही लागले."

"मला एकदा विचारायचं तरी."

तेव्हा तिने मान वळवली. म्हणाली, "तू कधी होतीस गं विचारायला?"

मी मोजे तिच्या मांडीवर ठेवले आणि शहराकडे परत निघाले.

कागद कुठला वापरलास ते मला बसमध्ये आठवलं. खालच्या खणात, मेणबत्त्यांच्या डब्याखाली, मी सही करून ठेवलेले कोरे कागद. ऑस्ट्रियाला नेणाऱ्या आमच्या व्हॅनमधली एकूण एक बाई असे कागद घरी ठेवते. शाळेचं, दवाखान्याचं, पोस्टाचं काम नेमकं आपण तिकडे असताना निघतं, मग घरचं माणूस त्या कागदावर लागेल ते लिहितं आणि काम होतं. पहाटे गाडीत बसताना आम्ही एकमेकींना विचारतो, "कागद ठेवलेस ना?" जिच्याकडे असे कागद ठेवायला माणूस नाही, तिची आम्हाला कीव यायची. माझी कधी कुणी कीव केली नाही. मी सांगायचे, माझी बहीण आहे.

केसाने गळा कापलास, ओत्का. सुरीने कापला असतास तर निदान मला त्याच दिवशी कळलं असतं.

उत्तर दे. पळू नकोस.

झेल्का


होर्न, १९ मार्च

ओत्का,

तुझं पत्र मिळालं. आठ पानं! जन्मात तू मला एवढं लिहिलं नाहीस.

आधी जे खरं आहे ते कबूल करते. तू लिहितेस, "तू परक्या म्हातारीला न्हाऊमाखू घालून दोन देशांचा मान मिळवलास, मी आपल्या आईला न्हाऊमाखू घालून काय मिळवलं? तिच्या शिव्या." हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला वाईट वाटलं. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी इथे होते. पहिला महिना तू तिच्या खाटेशी जमिनीवर झोपलीस. भत्ता देतात तो कोंबड्यांच्या दाण्यालासुद्धा पुरत नाही. आणि सकाळी शेजारणीला आईपाशी बसवून शाळेत बटाटे सोलायला जायचं, दुपारी धापा टाकत परत यायचं, हे काही कुणी मजेखातर करत नाही. सगळं मान्य.

मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, सांगू? मी नाही म्हटलं असतं, कारण हा नियम व्हॅनमधल्या प्रत्येकीला पाठ आहे. तिकडे छोटी जरी नोकरी धरलीस तर इकडचं सगळं जाईल, असं आम्ही नवीन पोरींना पहिल्याच प्रवासात सांगतो. आणि मग मी तुला दर महिन्याला पगाराएवढे पैसे पाठवले असते. हे तुलाही माहीत होतं. तुला माझे पैसे नको होते, कारण पाठवले की मी विचारते, कशाला लागले. माझं नाव बरं, ते काही विचारत नाही.

पण एवढ्यावर तू थांबली असतीस तरी मी गिळलं असतं. पुढची चार पानं मात्र मला गिळवत नाहीत.

रिमाव्स्का सोबोताच्या विमा कचेरीतून मला जबाबाला बोलावणं आलंय हे तुला आईकडून कळलं. आणि तू मला स्वयंपाकघर शिकवायला बसलीस! दारातून आत गेलं की डावीकडे बटाटे सोलायचं यंत्र, त्याचं झाकण नीट बसत नाही, लाटण्याने ठोकायचं. शुक्रवारी गोड, खसखशीच्या शेवया नाहीतर जॅम भरलेले उकडलेले गोळे. मोठ्या पातेल्याला एक कान नाही. गुबालोवाबाई सूप चाखताना डोळे मिटते. तिसरीत एक मुलगी होती, तिला दूध चालायचं नाही. "हे सगळं नीट वाचून ठेव, विचारलं तर सांगता आलं पाहिजे. मोकळ्या आठवड्यांत मीच काम करत होते असं म्हण. गुबालोवाबाई तोंड उघडणार नाही, तिचंही नाव अडकेल."

माझीच तीन वर्षं तू मला पाठ करायला सांगतेस. त्या वर्षांत मी कुठे होते ते माहीत आहे? हाइडिंगर आजीच्या नवऱ्याला उचलत होते. शंभर किलोचा माणूस, दिवसातून सहा वेळा खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर. माझे खुबे तिथे गेले. तुझ्या त्या पातेल्याने नाही गेले. आणि आता मी सरकारसमोर हात जोडून म्हणायचं की तो माणूस मी उचललाच नाही, मी खसखस कुटत होते?

वर धमकीही आहेच. मी खरं बोलले तर तुझ्यावर फसवणुकीचा खटला होईल, भत्ता परत घेतील, तुला शिक्षा झाली तर आईला सरकारी वृद्धाश्रमात टाकतील. "तुला चालेल ना ते? तू तर म्हाताऱ्या माणसांची तज्ज्ञ." चोर तो चोर वर शिरजोर, असं आपली आजी म्हणायची. मी तेव्हा लहान होते, मला वाटायचं ती मांजराबद्दल बोलतेय.

जबाब एप्रिलात आहे, माझ्या पुढच्या सुट्टीत. काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. मला घाई करू नकोस आणि आईकडून निरोप पाठवू नकोस.

झेल्मीरा


होर्न, २ एप्रिल

ओत्का,

हे पत्र वाचलंस की शेगडीत घाल.

मी हो म्हणणार आहे. शाळेत मीच काम केलं, असं सांगणार आहे.

तुझ्यासाठी नाही, हे आधी स्पष्ट करते. हाइडिंगर आजीला मागच्या आठवड्यात पाच दिवस आश्रमात ठेवलं होतं, घराची मोरी दुरुस्त करायची होती म्हणून. आश्रम चांगला होता. स्वच्छ, खिडकीत फुलं, बायका मायाळू. मी रोज भेटायला जायचे. चौथ्या दिवशी आजीने मला ओळखलं नाही. घरी आणल्यावर दोन दिवसांनी ओळखलं. आई तिकडे पाच दिवसही काढणार नाही. ती पहिल्या जेवणाला ताट भिरकावेल आणि मग भिंतीकडे तोंड करून पडेल. मी हे काम करते, मला माहीत आहे पुढे काय होतं. आणि माझे खुबे हे असे, मी तिला उचलू शकत नाही. तूच उचलू शकतेस. मला दुसरा रस्ता दिसत नाही.

दोरोताला सांगितलं. फोनवर म्हणाली, "मम्मा, ओत्कामावशी तुझ्या जागी असती तर तिने हे केलं असतं का?" मी म्हटलं, "मला कशाला विचारतेस?" तर म्हणाली, "मग कुणाला विचारू?" भत्ता परत करायला मदत करीन म्हणते. तिचं पहिलं बाळ जूनमध्ये येतंय आणि ती मला हप्ते बांधून द्यायला निघालीय. त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या.

तर माझी तीन वर्षं मी तुला देते. निवृत्तिवेतन जे उरेल ते उरेल, अजून दोन-तीन वर्षं हलकं काम शोधीन, एखादी चालती-फिरती म्हातारी. त्या बदल्यात मला दोन गोष्टी हव्यात. मी आईला भेटायला येईन तेव्हा तू घरात असायचं नाहीस. पळून जायची तुला सवय आहेच.

आणि दुसरी, तू आता गप्प बसायचं. कचेरीने तुला विचारलं तर "माझ्या बहिणीलाच विचारा" एवढंच म्हण. काही सजवू नकोस, काही जोडू नकोस, मला मदत करू नकोस. जे बोलायचं ते मी बोलीन. एवढं जमेल का तुला?

झेल्मीरा


रिमाव्स्का सोबोता, १९ एप्रिल

ओतीलिया,

आज जबाब झाला. तुला पोलिसांनी किंवा कचेरीने कळवण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय. हे शेवटचं.

सकाळी केस विंचरताना मी तुझं ते यंत्र, ते लाटणं, ते बिनकानाचं पातेलं घोकत होते. निळा कोट घातला. कचेरीत पालुशोवा नावाची तरुण बाई होती, दोरोतापेक्षा थोडीच मोठी. तिने मला बसायला उशी आणून दिली, कारण मी चालतेय कशी ते तिने दारातूनच पाहिलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, आधी हे ऐका. तुमच्या बहिणीचा जबाब गेल्या आठवड्यात झालाय."

"तिला तुम्ही बोलावलं होतं?"

"नाही. त्या स्वतःच जबाब घरून लिहून घेऊन आल्या होत्या."

स्वतःच आली होतीस! मग तिने वाचून दाखवलं. झेल्मीराने शाळेत स्वतः काम केलं, पूर्ण पगार घेतला, इथवर ठीक. पण पुढे? "ऑस्ट्रियाला कळू देऊ नकोस असं तिने मला बजावलं होतं. दोन्ही ताटांतलं खाता येतं तोवर खावं, असं ती म्हणायची. मी तिला सावध केलं होतं, तिने ऐकलं नाही."

मी पालुशोवाबाईला म्हटलं, पुन्हा वाचा. तिने पुन्हा वाचलं. मग मी विचारलं, याने काय होतं. ती चाचरत म्हणाली की नियम ठाऊक नसताना चूक झाली तर वर्षं जातात आणि भत्ता परत द्यावा लागतो, बस. पण जाणूनबुजून लपवलं असेल तर खटला होतो, तिकडेही आणि इकडेही. आणि तिकडे धंद्याचा परवाना जातो. मग चालती-फिरती म्हातारीही नाही.

मी तुला वाचवायला गेले होते. माझी वर्षं हातात घेऊन गेले होते. तुला फक्त घरी बसून गप्प राहायचं होतं. पण तुझा माझ्यावर भरवसा नव्हता. झेल्का ऐनवेळी उलटली तर, असं तुझ्या मनात आलं, आणि तू आधीच जाऊन मला गुन्हेगार करून आलीस. कोऱ्या कागदांचं मी समजू शकले, तेव्हा तुला नड होती. या वेळी मी तुला हो म्हटलं होतं गं. हो म्हटल्यानंतर तू हे केलंस.

मग मी खरं सांगितलं. मी त्या स्वयंपाकघरात कधी पाऊल ठेवलेलं नाही. शाळेच्या हजेरीत मी रोज आहे आणि त्यातले निम्मे दिवस मी होर्नला होते, हाइडिंगर आजीचा मुलगा सांगेल, व्हॅनवाला सांगेल. मग तिथे कोण काम करत होतं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, "माझी बहीण ओतीलिया. गावात कुणालाही विचारा, खोटी झेल्मीरा म्हणतात तिला."

पालुशोवाबाई लिहीत राहिली. मला वाटलं, झालं. पण तिने तुझ्या जबाबाचं शेवटचं पान माझ्याकडे वळवलं. "आणि ही साक्षीदाराची सही? ही तुमच्या आईची आहे?"

मी ती सही पाहिली. वाकडी, मोठी, शेवटचं अक्षर खाली घसरलेलं. उजवा हात गेल्यावर आईला डाव्या हाताने लिहायला मी शिकवलं, आठवतं ना, त्या नाताळात, टेबलावर पीठ पसरून. महिनाभर ती चिडली, रडली, मला टोमणे मारले आणि शेवटी स्वतःचं नाव लिहिलं. ते नाव मी हजारांत ओळखीन. तुझ्या त्या दोन्ही ताटांच्या वाक्याखाली ते होतं. तिने तुला रागावून परत पाठवलं नाही. तिने पेन मागितलं.

पालुशोवाबाई म्हणाली, "कारण ही सही त्यांची असेल, तर खोटी साक्ष दिल्याबद्दल त्यांच्यावरही कारवाई होईल. वय बघून सौम्य होईल, पण होईल. आणि मला एक समजत नाही. शुश्रूषेच्या भत्त्यासाठी तुमच्या बहिणीने दिलेल्या कागदांत तर लिहिलंय की आईला पेनही धरता येत नाही."

अर्थात लिहिलं असशील. जेवढी आई अपंग, तेवढा भत्ता मोठा.

मी म्हटलं, "बरोबर लिहिलंय. माझ्या आईला लिहिता येत नाही."

"मग ही सही कुणी केली?"

"ते मला कसं माहीत असणार? पण माझ्या बहिणीला दुसऱ्याच्या नावाने वावरायची सवय आहे."

तिने तेही लिहून घेतलं. मी सही केली, उशी परत दिली आणि बाहेर आले. पायऱ्या उतरताना रेलिंगला धरून जरा रडले. तुझ्यासाठी नाही. आई माझ्यासाठी कधी कशावर सही करेल असं मला वाटायचं त्यासाठी.

आता तुला बोलावणं येईल. नोकरीचा गुन्हा तर तुझा आहेच, तो तू फेडशील. शिक्षा बहुतेक स्थगित होते म्हणतात, घरी राहून आईचं करता येईल. पण खोट्या सहीचं वेगळं कलम लागेल, आणि त्यात मात्र तू निर्दोष आहेस. तुला, मला आणि आईला हे पक्कं ठाऊक आहे. सुटणंही सोपं आहे. आईला कचेरीत घेऊन जा, तिच्या डाव्या हातात पेन दे, तिला नाव लिहायला सांग. सगळ्यांसमोर सिद्ध होईल की सही तिचीच आहे. तू सुटशील आणि ती अडकेल. नाहीतर गप्प राहा आणि न केलेलं स्वतःच्या नावावर घे.

मला हेच ठरवायचं होतं, तेव्हा मी तुला वाचवायचं ठरवलं होतं. तू काय ठरवतेस ते मला कळवू नकोस.

झेल्मीरा